तळटीप : भीमस्वामी
१२. भीमस्वामी – समर्थ रामदासांचे (इ.स. १६०८–१६८२) शिष्य, तंजावरच्या रामदासी मठाचे मूळपुरुष. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे (एकोजी) यांनी १६७५च्या सुमारास तंजावरात भोसले राज्य स्थापिले. संप्रदायाच्या परंपरेनुसार समर्थ रामेश्वरयात्रेनिमित्त तेथे आले आणि भीमस्वामींना मठासाठी ठेवून गेले. याच परंपरेतील मन्नारगुडी येथील मठ अनंतमौनींचा. या मठांमुळे कावेरीकाठी मराठी कीर्तन रुजले. तमिळ हरिकथेच्या घडणीत त्याचा वाटा मोठा आहे.
उताऱ्यातील ‘पापनाशम’ म्हणजे तंजावर–कुंभकोणम वाटेवरचे, तंजावरहून सुमारे २५ कि.मी. अंतरावरील तालुक्याचे गाव. रावणवधानंतर रामाने तेथे शिवलिंगे स्थापून पापक्षालन केले, अशी १०८ शिवलिंगांच्या मंदिराची स्थलकथा आहे. गावाच्या नावाचा अर्थही ‘पाप नाहीसे होणे’ असाच. तिरुनेलवेली भागात ताम्रपर्णीकाठी याच नावाचे दुसरे तीर्थ आहे. वाचकांनी दोहोंची गल्लत करू नये.
मूळ मजकुरातील ‘स्वामींचा मठ’ हा तंजावरचा, पापनाशमचा नव्हे. – संपा.