विहिरीवरील डिझेल इंजिनाची बंद हंगामातील जपणूक (परभणी जिल्हा)

पाणी उपसणारे डिझेल इंजिन हंगाम संपल्यावर महिनोन्‌महिने पडून राहते. त्या काळात ते गंजू नये, जाम होऊ नये म्हणून करायची ही तजवीज. थंड मुलुखांत शिडाच्या बोटीतले डिझेल इंजिन हिवाळ्याआधी असेच आवरून ठेवतात. तिथे धास्ती गोठण्याची : पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे ९ टक्के वाढते आणि बिडाचा ब्लॉक तडकतो, म्हणून पाणी काढून न गोठणारे द्रावण भरतात. परभणीत थंडीच्या लाटेत पारा ५ अंशांखाली उतरतो, पण इंजिनातले पाणी गोठण्याची वेळ येत नाही. इथे इंजिन खाते ती पावसाळ्यातली दमट हवा. कोकणात १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत नौकांच्या इंजिनांना हीच हवा सोसावी लागते. खाऱ्या पाण्याची भर वेगळी.

किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला सुरू झाली. तिची आणि राजकोटकडची लिस्टर घडणीची इंजिने मोटेच्या जागी आली. पुढे विजेच्या मोटारी आल्या, आता सौरपंपही आले. तरी गोदावरी, पूर्णा, दुधना यांच्या काठाने आणि जिथे विजेचा भरवसा नाही तिथे इंजन अजून हाताशी असते. विहीर तळाला गेली की एप्रिल-मेपासून त्याला काम नसते, ते थेट रब्बीच्या पेरणीपर्यंत.

यातल्या बऱ्याच इंजिनांची थंड ठेवण्याची सोय बोटीच्या जुन्या इंजिनासारखीच उघडी असते. बोट समुद्राचे पाणी ओढून समुद्रातच सोडते; इथे पंपाच्या डिलिव्हरीतून बारीक नळीने घेतलेले पाणी सिलिंडरभोवतीच्या जॅकेटमधून फिरून पाटात पडते. विहिरीच्या पाण्यातले क्षार आत खपलीसारखे बसतात, तळाला गाळ साचतो. पाणी सोडायचा कॉक उघडला, दोन पेले पाणी आले आणि थांबले, की जॅकेट रिकामे झाले असा समज होतो. बहुतेकदा गाळाने तोंड बुजलेले असते. तार घालून ते मोकळे करावे, वरून स्वच्छ पाणी ओतावे आणि खालून नितळ पाणी आल्यावरच थांबावे. पंपाचा बूच काढून त्यातलेही पाणी सोडावे; फूटवॉल्व्ह, म्हणजे गावातला ‘फुटबॉल’, वर काढून ठेवावा.

ऑइल बदलायचे ते बंद करण्याआधी, पुन्हा सुरू करताना नव्हे. वापरलेल्या ऑइलमधली काजळी, पाणी आणि गंधकामुळे तयार झालेले आम्ल पडल्या पडल्या बेअरिंग खात राहते. १ एप्रिल २०२० पासून डिझेलमधले गंधक दशलक्षात १० भागांवर आले, त्यामुळे आम्लाचा जाच घटला. पाणी मात्र आहेच. इंजिन गरम करून मगच ऑइल सोडावे, म्हणजे गाळ सोबत निघतो.

डिझेलची टाकी काठोकाठ भरावी किंवा पूर्ण रिकामी करून पुसावी. अर्धी टाकी सर्वांत वाईट : मोकळ्या जागेतल्या हवेतील बाष्पाचे पाणी होते, ते तळाशी बसते आणि डिझेलच्या सीमेवर बुरशीचा चिकट थर धरतो, तोच पुढे फिल्टर आणि नोझल तुंबवतो. उघड्या रानात भरलेली टाकी सोडायची हिंमत कमीच जण करतात, हे खरे.

नोझल काढून सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडतात, डीकम्प्रेशन लिव्हर उचलून चाक हाताने फिरवतात. चाक कुठे थांबवायचे यालाही महत्त्व आहे : पिस्टन दाबाच्या फेरीत अगदी वर असताना दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, बाहेरची हवा आत शिरत नाही. सायलेन्सरच्या तोंडावर डबा पालथा घालावा. नाहीतर कुंभारमाशी तिथे मातीचे घर बांधते आणि दिवाळीत इंजन का उचलत नाही याचा शोध भलतीकडेच चालतो.

खरी अडचण ऑगस्टमधल्या पावसाच्या खंडाची. सोयाबीन माना टाकते आणि बांधून ठेवलेले इंजिन सोडावे लागते. अधूनमधून ‘चालू करून बघतो’ म्हणून दोन मिनिटे फिरवण्याची सवय मात्र घातक. इंजिन तापत नाही, आत पाणी धरते, आणि तशाच ओल्या पोटाने ते बंद होते. चालवायचे तर पाणी देऊन, भाराखाली, चांगले तापेपर्यंत. नाहीतर हातच लावू नये. चालवून झाल्यावर जॅकेट पुन्हा रिकामे करावे.

नदीकाठचे इंजिन पुराआधी वर ओढून आणणे हा यातला पहिला नियम. बुडालेच तर हँडल मारू नये. पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझल काढून, चाक हळू फिरवून सिलिंडरमधले पाणी बाहेर घालवावे, ऑइल आणि डिझेल दोन्ही बदलावे, फिल्टर नवा घालावा, हवा काढावी आणि इंजिन शक्यतो त्याच दिवशी चालवून कोरडे करावे. रात्रभर ओले राहिलेल्या सिलिंडरला सकाळी गंज दिसू लागतो.