पडण्याची विद्या

२३ मार्च १९५१ रोजी सकाळी कोरियातील मुन्सान-नी या गावाजवळ अमेरिकेच्या १८७ व्या हवाई पलटणीचे सुमारे ३,४०० सैनिक हवाई छत्र्यांच्या साहाय्याने उतरले. शत्रू मागे हटत होता आणि त्याची वाट अडवावी, असा बेत होता. या मोहिमेच्या अधिकृत इतिहासात दोन आकडे शेजारी शेजारी दिलेले आहेत. शत्रूच्या माऱ्याने घायाळ झालेले किंवा कामी आलेले १९. नुसते जमिनीवर उतरताना जायबंदी झालेले ८४. या ८४ पैकी निम्मे, जवळजवळ, लागलीच कामावर रुजू झाले, ही गोष्ट खरी. तरीही त्या दिवशी शत्रूपेक्षा भूमीनेच अधिक माणसे पाडली, हे नाकारता येत नाही.

या सैनिकांबरोबर भारताच्या ६० व्या पॅराशूट फील्ड अँब्युलन्सची एक तुकडीही आकाशातून उतरली होती. तिचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज. हाडे बसविणारा वैद्य स्वतःच आभाळातून खाली येतो, हे दृश्य मोठे विलक्षण. परंतु रंगराज यांना ते नवे नव्हते. १९४१ च्या ऑक्टोबरात भारतात ५० वी पॅराशूट ब्रिगेड उभी राहू लागली, तेव्हा ते १५२ व्या भारतीय पॅराशूट बटालियनचे वैद्यकीय अधिकारी होते. हवाई छत्रीने उडी घेणारे पहिले भारतीय सैनिक म्हणून ज्या दोघांची नावे घेतली जातात ते हवालदार मेजर मथुरा सिंग आणि हे रंगराज. कोरियातील कामगिरीसाठी त्यांना महावीरचक्र मिळाले.

छत्रीने उतरणे म्हणजे अलगद तरंगत येणे, अशी सर्वसामान्य समजूत आहे. ती चित्रपटांनी करून दिलेली. सैनिकी छत्री माणसाला मुद्दामच वेगाने खाली आणते, कारण हवेत जितका अधिक वेळ तितका गोळीचा धोका अधिक. हा वेग सेकंदाला सुमारे वीस फूट असतो. सहा फूट उंचीच्या भिंतीवरून उडी टाकल्यावर जेवढा आघात पायांवर होईल तेवढा तो असतो. मात्र भिंतीवरून उडी टाकणाऱ्याच्या पाठीवर बंदूक, दारूगोळा आणि शिदोरी नसते, वारा त्याला आडवा ढकलीत नसतो, आणि खाली काय आहे हे त्याला दिसत असते. म्हणून घोटा, नडगी, गुडघा आणि पाठीचा मणका हीच या सैनिकाची मर्मस्थाने होत.

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी कसे पडावे याविषयी देशादेशांत एकमत नव्हते. जर्मन छत्रीचे पट्टे पाठीमागे एकत्र येत. सैनिक तोंड खाली करून लोंबकळे आणि पुढे लोळण घेई. साहजिकच त्याच्या गुडघ्यांना जाड गाद्या बांधाव्या लागत. अमेरिकेत प्रथम कोलांटीसारखी लोळण शिकवीत. मँचेस्टरजवळच्या रिंगवे येथे १९४० मध्ये ब्रिटिशांची शाळा सुरू झाली. तेथे पुष्कळ घोटे मोडल्यानंतर जी पद्धत स्थिरावली तीच पुढे इतरांनीही उचलली. दोन्ही पाय आणि गुडघे एकमेकांना घट्ट चिकटवायचे, गुडघे किंचित वाकवायचे, आणि जमीन लागताच अंग ताठ न ठेवता बाजूला सोडून द्यायचे. चवडे, पोटरी, मांडी, कुल्ला आणि पाठीची एक बाजू अशा क्रमाने शरीर जमिनीला टेकते. एका हाडाने सोसायचा आघात असा पाच ठिकाणी वाटला जातो.

महाराष्ट्राला यातले तत्त्व परके वाटू नये. कोल्हापूरच्या तालमीत हौद्यातली तांबडी माती फावड्याने उकरून, तेल, ताक आणि हळद घालून मऊ राखतात ती काही केवळ रिवाजापोटी नव्हे; रोज आपटणाऱ्या अंगाला ती जपते. सुश्रुताने तर हाड मोडण्याचे बारा आणि सांधा निखळण्याचे सहा प्रकार नोंदवून ठेवले. पण सुश्रुताचे काम हाड मोडल्यानंतर सुरू होते, तालमीचे त्याच्या आधी.

मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन छत्रीधारी झाली आणि १९४८ च्या मार्चमध्ये ब्रिगेडियर उस्मान यांच्या ५० व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर झंगर परत घेताना लढली. १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट स्थापन झाली, तेव्हा हीच पलटण तिची दुसरी बटालियन बनली. ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईल येथे आभाळातून उतरून पुंगलीचा पूल ताब्यात घेणारी पलटण ती हीच. पाच उड्या पुऱ्या झाल्याविना पंखांचे चिन्ह मिळत नाही, हा नियम या मराठा जवानांनाही लागू होता. उडीचे शिक्षण आग्र्याला, वायुदलाच्या शाळेत. पहिला धडा विमानाचा नसून उंचवट्यावरून उडी टाकून लोळण घेण्याचा असतो.

जे उपाय सापडतात तेही टिकतातच असे नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेतील फोर्ट बेनिंग येथे बुटावरून बांधायची घोट्याची पट्टी शिकाऊ सैनिकांवर अजमावण्यात आली. पट्टी नसलेल्यांत घोटा आत मुरगळण्याचे प्रमाण शेकडा १.९ होते, पट्टी असलेल्यांत शेकडा ०.३. इतका स्पष्ट फरक वैद्यकात क्वचित दिसतो. तरीही खर्च, पट्ट्यांची देखभाल आणि घोटा वाचला तरी इजा गुडघ्याकडे सरकेल ही शंका, यांपायी पट्टी मागे पडली. ती मागे पडताच घोट्यांच्या इजा वाढल्या, आणि मग तिचा पुन्हा विचार सुरू झाला.

परंतु निवडक सैनिकाचा पाय उडीतच मोडतो असे नव्हे. पॅराशूट रेजिमेंटचे शिक्षणकेंद्र १९९२ मध्ये आग्र्याहून बेंगळूरला आले. होसूर रस्त्याने बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांपर्यंत पसरलेल्या या नगरात लष्कराची जुनी वस्ती आहे. येथे येणारा रंगरूट आभाळाच्या ओढीने येतो. त्याच्या वाट्याला प्रथम येते ती धाव आणि पाठीवरचे ओझे. ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी वैद्याने १८५५ मध्ये कूच करणाऱ्या शिपायांच्या सुजलेल्या, ठणकणाऱ्या पावलांचे वर्णन करून ठेवले होते. सुजेचे कारण मात्र उमगेना. बाहेरून ना जखम, ना आघात. राँटगेनने १८९५ मध्ये क्षकिरण शोधले आणि दोनच वर्षांत स्टेखो या वैद्याने दाखवून दिले की पावलाच्या लांब हाडांना भेग गेलेली असते. हाड हे निर्जीव खांब नव्हे. नवा भार पडला की जुना भाग झिजवून ते स्वतःला नव्याने बांधते. झीज आधी होते, बांधणी मागाहून. पहिल्या काही आठवड्यांत ही बांधणी मागे पडलेली असते आणि नेमक्या त्याच वेळी शिक्षक मैल वाढवीत असतो. त्यातून दुखणे सांगितले तर तुकडीतून नाव जाईल, या धास्तीने शिपाई ते लपवितो. लाल टोपीची हौस असलेला तर हमखास.

अधिक धावणे म्हणजे अधिक कणखरपणा, हा समज कितपत खरा, याची एक परीक्षा अमेरिकेच्या मरीन रंगरुटांवर झाली. शिक्षणकाळातील एकूण धाव ५५ मैलांवरून ३३ मैलांवर आणली, तेव्हा हाडाला भेग जाण्याचे प्रमाण शेकडा ३.७ वरून १.७ वर आले. शेवटी दोन्ही गटांची तीन मैलांची शर्यत मोजली. कमी धावलेल्यांना लागलेला जादा वेळ सरासरी अर्ध्या मिनिटाच्या आसपास होता.