विंध्यगिरीचा गोमटेश्वर आणि त्याच्या पायांशी कोरलेली मराठी

कर्नाटकातील हासन जिल्ह्यात श्रवणबेळगोळ येथे दोन टेकड्या समोरासमोर उभ्या आहेत. उत्तरेची चंद्रगिरी, दक्षिणेची विंध्यगिरी. मधल्या सखल भागात गाव व तळे. चंद्रगिरी हे जैन मुनींचे पुरातन तपःस्थान. विंध्यगिरीच्या माथ्यावर, गंग घराण्यातील राजा राचमल्ल याचा मंत्री व सेनापती चामुंडराय याने इ. स. ९८१च्या सुमारास बाहुबलीची सुमारे ५८ फूट उंचीची पाषाणमूर्ती उभी करविली. तीच गोमटेश्वर या नावाने ख्यात झाली.

या मूर्तीचे स्थळाशी असलेले नाते प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. ती अन्यत्र घडवून टेकडीवर आणलेली नाही. माथ्यावरचाच कणाश्म वरून खाली कोरीत नेऊन, भोवतीचा पाषाण दूर करून ती साकारली आहे. अर्थात मूर्तीची उंची ही मुळात शिखराचीच उंची होय. मूर्तीचे मुख उत्तरेकडे, म्हणजे चंद्रगिरीकडे आहे. नव्या शिल्पाने जुन्या तपोभूमीकडे पाठ न फिरविता तिच्याकडे दृष्टी लावली, ही योजना अर्थपूर्ण आहे. कार्कळ येथील १४३२ सालची ४२ फुटी मूर्ती मात्र घडविल्यानंतर टेकडीवर चढविली गेली, असे परंपरा सांगते.

बाहुबली कायोत्सर्ग मुद्रेत इतका काळ निश्चल राहिला, की त्याच्या पायांभोवती वारुळे वाढली आणि अंगावर वेली चढल्या, अशी कथा आहे. शिल्पकाराने या कथेचा उपयोग मोठ्या कुशलतेने केला. मांड्यांपर्यंत वारुळांचा पाषाण मूर्तीला आधार देतो. तेथून वर मात्र कसलाही टेका नाही. रुंद खांदे, सरळ सोडलेले बाहू आणि किंचित स्मित असलेला चेहरा यांच्यामागे केवळ आकाश आहे. छत नसल्यामुळे सकाळचे कोवळे ऊन, माध्यान्हीचा प्रखर प्रकाश आणि पावसाळी मेघ यांनुसार मूर्तीची मुद्रा पालटत असल्याचा भास होतो.

पुढे बाराव्या शतकात होयसळ राजा विष्णुवर्धन याचा सेनापती गंगराज याने मूर्तीभोवती आवार उभारले. त्यामुळे मूर्तीचा उघड्या खडकाशी असलेला संबंध काहीसा झाकला गेला. दुरून येणाऱ्यास भिंतींच्या वर उठलेला देहाचा ऊर्ध्वभाग तेवढा दिसतो, आणि आत शिरताच तो एकदम चरणांपाशी येऊन पोहोचतो. मात्र याच आवारामुळे शिखरावर पूजेसाठी प्रांगण निर्माण झाले. सामान्यतः बारा वर्षांनी होणाऱ्या महामस्तकाभिषेकाच्या वेळी तात्पुरता उंच मंच रचला जातो. १९८१, १९९३, २००६ व २०१८ साली हे सोहळे झाले. एरवी चरणांशी थांबणारा उपासक त्या वेळी मस्तकाच्याही वर उभा असतो.

मराठी वाचकाला या स्थळी विशेष जिव्हाळा वाटावा असे कारण मूर्तीच्या पायांपाशी आहे. एका बाजूस कन्नड व तमिळ लेख आहेत. दुसऱ्या बाजूस नागरी लिपीत 'श्री चावुण्डराजें करवियलें' आणि 'श्री गंगराजे सुत्ताले करवियले' या दोन ओळी आहेत. पहिली ओळ मूर्तीच्या निर्मितीविषयी, दुसरी भोवतालच्या आवाराविषयी. पहिली ओळ दहाव्या शतकातील मानून ती मराठीचे आद्य लिखित वाक्य म्हणून पुष्कळ वर्षे शिकविली गेली. पुढे दोन्ही ओळी गंगराजाच्याच काळी, १११७च्या सुमारास, कोरल्या असाव्यात असे मत पुढे आले आणि आद्यत्वाचा मान अक्षी येथील शके ९३४ (इ. स. १०१२) च्या लेखाकडे गेला.

हा मान कोणाकडेही जावो, या ओळींचे मोल त्याने उणे होत नाही. मराठी प्रदेशापासून इतक्या दूर, कन्नड भूमीतील शिखरावर, नागरी वाचणारा मराठी यात्रेकरू येणार हे लेख कोरविणाऱ्याने गृहीत धरले होते. शिवाय 'सुत्ताले' हा शब्द कन्नडातील 'सुत्तालय', म्हणजे सभोवतीची वास्तू, यावरून आलेला आहे. मराठी क्रियापदाने त्याला सहज आपलेसे केले. उलट 'गोम्मट' या नावाचा संबंध डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी मराठीतील 'गोमटा', म्हणजे सुंदर, या शब्दाशी जोडला. हे चामुंडरायाचे घरगुती नाव असावे आणि त्यावरून त्याचा देव तो गोमटेश्वर, असे त्यांचे प्रतिपादन होते. उपाध्ये बेळगाव जिल्ह्यातील सदलग्याचे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले.

कन्नड नावाची भिंत मराठी वाक्यात आली आणि मराठीत आजही जिवंत असलेला शब्द कन्नड भूमीतील देवाच्या नावात आढळला. भाषांच्या सीमेवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या वाचकाने विंध्यगिरीच्या पायऱ्या चढल्यावर मूर्तीचे मुख पाहावेच. परंतु मान खाली घालून, तिच्या चरणांशी शेजारी शेजारी नांदणाऱ्या या तीन भाषाही वाचाव्यात.