पट्टी कुणाच्या माशाला?

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला, चहा झाला आणि उठता उठता एका मावशींनी मला अडवलं. म्हणाल्या, "ताई, आमच्या पाटीतलं पापलेट मोजायला पट्टी आली. पण शनिवारी गाडी घेऊन येतात आणि धक्क्यावर गळ टाकून बसतात, त्यांच्या माशाला पट्टी आहे का? आणि त्या पर्ससीनवाल्याच्या जाळ्याला?"

मला उत्तर देता आलं नाही. मग मी जुनी पुस्तकं आणि कायदे वाचायला घेतले. त्यातून जे समजलं ते आज सांगते.

हौसेचा मासा आणि पोटाचा मासा हे भांडण कालचं नाही. साहेबाच्या राज्यात मासे कमी होताहेत अशी ओरड करणाऱ्यांमध्ये गळ टाकणारे साहेब पुढे होते. १८७३ साली मंगळूरला हेन्री सुलिव्हन थॉमस नावाच्या मुलकी अधिकाऱ्याचं 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक निघालं. विषय गळाची मासेमारी, आणि त्यात मान मोठा तो नदीतल्या महाशीर माशाला. त्याच साली फ्रान्सिस डे या लष्करी डॉक्टरने गोड्या पाण्यातल्या माशांवर सरकारला अहवाल दिला. गावकरी बारीक आसाची जाळी लावतात, पिल्लं मारतात, हा त्यातला मोठा मुद्दा. तो खोटा नव्हता. पण गावकऱ्याला त्या पिल्लांवर संध्याकाळ काढायची असे आणि साहेबाला रविवार, हा फरक मला वाचताना सारखा टोचत होता.

पुढे १८९७ चा मत्स्य कायदा आला. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणं गुन्हा ठरलं. जाळ्याचा आस किती असावा याचे नियम करायचा अधिकार प्रांतांना मिळाला. हा कायदा नुसता नदी-तळ्यांचा नव्हता. किनाऱ्यापासून एक मरीन लीग, म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटर समुद्रही त्यात होता.

आपल्याकडे मात्र कायद्याशिवायही मासा राखलेला आहे. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथले महाशीर वरदायिनी देवीचे मानतात. कुणी जाळं टाकत नाही, गळ टाकत नाही, उलट माणसं त्यांना खाऊ घालतात. तिथे नियम एकच आणि तो सगळ्यांना सारखा, हौशी असो की भुकेला. तीच काळ नदी सावित्रीला मिळते आणि सावित्री हरिहरेश्वर-बाणकोटपाशी समुद्राला. समुद्रात असा कोंड आखता येत नाही, पण वेळ आखलेली होती. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी बाहेर काढायची नाही. पावसाळ्यात दर्या खवळलेला, आणि बऱ्याच माशांच्या पोटात तेव्हा गाबोळी. भीती आणि राखण एकाच रिवाजात बसली होती.

यंत्रं आली तसं ते गणित मोडलं. १९७० नंतर ट्रॉलर वाढले आणि किनाऱ्यालगत तळ खरवडू लागले. गोव्यात रापणकार रस्त्यावर उतरले, केरळात मोठे लढे झाले. १९८० मध्ये त्या दोन्ही ठिकाणी कायदे झाले आणि १९८१ मध्ये महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. (त्याच वर्षी आपल्या कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला.) काठालगतचं पाणी, ठिकाणानुसार पाच ते दहा वाव खोलीपर्यंतचं, छोट्या होड्यांसाठी राखून ट्रॉलरनी त्याच्या बाहेर राहायचं, हा त्यातला गाभा. म्हणजे मर्यादा पहिल्यांदा मोठ्यावर घातली गेली. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वात मोलाची वाटते.

पाळली किती गेली, ते किनाऱ्यावरच्या कुणालाही विचारा.

मग पर्ससीन आली. बांगडा-तारलीचा अख्खा थवा घेरून वर उचलणारं जाळं. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने त्यांना सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच चार महिने दिले आणि परवाने कमी करत करत १८२ वर आणायचं ठरलं. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याचा कायदा सुधारून दंड लाखांत नेला. मधल्या काळात, २०१९ साली, महाराष्ट्राची समुद्री मासळी २.०१ लाख टनांवर आली, ४५ वर्षांतली सर्वात कमी. त्या वर्षी क्यार आणि महा ही वादळं आली, होड्या कितीतरी दिवस बंदरात होत्या, हेही धरायला हवं. सगळं खापर जाळ्यावर फोडता येत नाही.

आणि आपल्या जाळ्यांबद्दलही खरं बोलू. डोलीचा आस बारीक असतो. बोंबलाबरोबर पापलेटची पिल्लंही त्यात येतात आणि तीच पाटीत वाट्याने विकली जातात. मीही विकत घेतलेली आहेत, स्वस्त पडतात म्हणून. २०२३ मध्ये राज्याने ५४ प्रजातींना किमान आकार ठरवून दिला तो यासाठीच. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८० मिलिमीटर. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. जवळा मुळातच बारीक, त्याची भीती नको.

मावशींचा मुद्दा तरी उरतोच. पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, यांत्रिक होड्यांना. नारळी पौर्णिमा बहुतेक वेळा त्यानंतर येते, म्हणजे नारळ वाहायच्या आधीच ट्रॉलर बाहेर. मासा पाटीत येईपर्यंत तो मेलेला असतो. विकणारीला दंड करून तो जिवंत होत नाही. मोजायचं तर जाळ्याचा आस मोजा, धक्क्यावर उतरणारा ट्रे मोजा, शेवटी पाटी. आणि गळवाल्यालाही मोजायला लावा. त्याच्याकडे तर मासा जिवंत असतो, सोडला तर तो पोहत जाईल.

बैठकीत हे सगळं सांगितलं. मावशी म्हणाल्या, "मग पट्टी आपणच धक्क्यावर लावू." सुताराकडून फळी आणली, त्यावर तेलरंगाने दोन रेघा ओढल्या, पापलेटची आणि बोंबलाची, आणि ती लिलावाच्या जागेपाशी ठोकली. पहिल्या दिवशी होडीवाले हसले. एकाने फळीवर टोपी अडकवली. शनिवारी पुण्याहून आलेला एक मुलगा हातात तडफडणारा मासा घेऊन आला आणि विचारू लागला, "काकू, हा कोणता? याची रेघ कुठे आहे?" तो पालू होता. त्याची रेघ आमच्या फळीवर नव्हती. मावशींनी मासा हातात घेऊन पाहिला, त्याच्या अंगठ्यातला गळ सोडवावा तसा हलक्या हाताने गळ काढला आणि म्हणाल्या, "लहान आहे रे. टाक पाण्यात." त्याने टाकला.

आता तिसरी रेघ कुठे ओढायची, ते विचारायला आम्ही सोमवारी मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाणार आहोत.