कंत्राटातली न वाचलेली ओळ : ग्रेनफेल टॉवरच्या बाह्य आवरणाची गोष्ट

गेल्या महिन्यात पुण्याला आईबाबांकडे गेले होते. सोसायटीच्या दुरुस्तीचं एस्टिमेट आलेलं. बाबांनी ते माझ्यासमोर ठेवलं, "तू बघ जरा, तुझ्या विषयातलं आहे का काही." त्यात एक ओळ होती : 'प्रवेशद्वार व लिफ्टच्या दर्शनी भागास एसीपी शीट, ४ मिमी, नामांकित कंपनीची किंवा समतुल्य.' मी कंत्राटदाराला फोन करून विचारलं, आतला गाभा कशाचा आहे? तो म्हणाला, "मॅडम, अ‍ॅल्युमिनियम आहे ते. जळत नाही."

नियमित वाचकांना माहीत आहे, पण नव्यांसाठी सांगते. माझं पीएचडीचं काम प्लॅस्टिक कसं जळतं आणि त्यात खनिज भुकटी मिसळली तर ते किती सावकाश जळतं, याबद्दल आहे. त्यामुळे 'अ‍ॅल्युमिनियम आहे, जळत नाही' या वाक्यापाशी मी अडकले. हेच वाक्य वेगवेगळ्या रूपांत लंडनमधल्या एका इमारतीच्या कागदपत्रांत वर्षानुवर्षं फिरत राहिलं आणि १४ जून २०१७ च्या रात्री तिथे ७२ माणसं गेली. आज त्या इमारतीच्या कंत्राटाबद्दल लिहिते. आगीबद्दल बरंच लिहिलं गेलंय, कंत्राटाबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही.

आधी थोडं रसायनशास्त्र

एसीपी म्हणजे सँडविच. बाहेरून दोन्हीकडे अर्ध्या मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि मध्ये साधारण तीन मिलिमीटरचा गाभा. दुकानांच्या पाट्यांवर, शोरूमवर तुम्ही हे रोज बघता. स्वस्त प्रकारात हा गाभा पॉलिथिलीनचा असतो. म्हणजे पिशव्या आणि बादल्या ज्या कुळातल्या, त्याच कुळातलं प्लॅस्टिक.

आता एक हिशेब करू. एक चौरस मीटर पत्र्यात तीन मिलिमीटर पॉलिथिलीन म्हणजे तीन लिटर, वजन अंदाजे पावणेतीन किलो. पॉलिथिलीन आणि आपल्या स्वयंपाकाचा गॅस, दोन्ही कार्बन-हायड्रोजनच्याच साखळ्या. एकाची साखळी लांबलचक, दुसऱ्याची आखूड. त्यामुळे किलोमागे जळून मिळणारी उष्णता जवळपास सारखीच, सुमारे ४५ मेगाज्यूल. मग वजनाला वजन लावा. घरच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. म्हणजे दर पाच चौरस मीटर आवरणामागे भिंतीवर एक भरलेला सिलिंडर टांगल्यासारखं झालं. अर्थात गॅससारखा त्याचा स्फोट होत नाही, पण जळून बाहेर पडणारी एकूण उष्णता तेवढीच.

'पण त्याच्यावर पत्रा आहे ना?' आहे. मात्र पॉलिथिलीन साधारण ११० ते १३५ अंशांना वितळतं आणि अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना. पत्रा शाबूत असतानाच आतला गाभा पातळ होऊन कडांमधून गळायला लागतो, आणि आग त्या कडांना लागते. गाभ्यात अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडसारखी भुकटी भरपूर मिसळली, तर ती सुमारे २०० अंशांपासून पाणी सोडायला लागते आणि जळणारं प्लॅस्टिकही तेवढं कमी होतं. माझी प्रयोगशाळेतली वर्षं याच भुकटीत चालली आहेत.

वीट, दगड आणि मग 'पुरेसा विरोध'

लंडनला बाहेरच्या भिंतींचं महत्त्व कुणी शिकवायची गरज नव्हती. सप्टेंबर १६६६ च्या मोठ्या आगीत तिथली तेरा हजारांवर घरं जळाली. पुढच्याच वर्षी कायदा झाला : घरांच्या बाहेरच्या भिंती विटेच्या किंवा दगडाच्याच हव्यात. हा नियम अडाण्यालाही तपासता येतो. भिंतीवर बोट ठेवा, वीट आहे की नाही बघा.

१९८० च्या दशकात इंग्लंडने बांधकाम नियमांची पद्धत बदलली. अमुक सामान वापरा असं सांगण्याऐवजी इमारतीने काय साधलं पाहिजे ते सांगायचं ठरलं. बाहेरच्या भिंतींसाठी अपेक्षा अशी की, त्यांनी आगीच्या प्रसाराला 'पुरेसा' विरोध करावा. कल्पना वाईट नव्हती, नवीन सामानाला वाव मिळावा हा हेतू होता. पण 'पुरेसा' म्हणजे किती, हे बोट ठेवून बघता येत नाही. त्यासाठी सरकारी मार्गदर्शिका होती आणि तिच्यात उंच इमारतींच्या बाह्य पृष्ठभागासाठी एक दर्जा होता : 'क्लास झीरो'.

क्लास झीरोच्या चाचण्या पृष्ठभागावर आग कशी पसरते ते बघतात. छोटा नमुना चौकटीत बसवायचा, समोरून उष्णता द्यायची. एसीपीच्या बाबतीत समोर काय येतं? अ‍ॅल्युमिनियम. कडा चौकटीत झाकलेल्या. साहजिकच नमुना पास होतो. परीक्षा पत्र्याची झाली आणि निकाल सगळ्या सँडविचला मिळाला.

धोक्याच्या सूचना आल्या नव्हत्या असं नाही. १९९१ मध्ये लिव्हरपूलजवळच्या नोस्ली हाइट्स इमारतीत आवरणामागच्या पोकळीतून आग वर चढली. १९९९ मध्ये स्कॉटलंडमधल्या अर्विन गावी गार्नक कोर्टच्या दर्शनी भागावरून आग मजल्यांमागून मजले चढली, एक जण दगावला. त्यानंतर ब्रिटिश संसदेच्या समितीने बजावलं की सुधारणा करायला खूप माणसं मरायची वाट बघू नका. २००१ मध्ये सरकारनेच करवून घेतलेल्या मोठ्या चाचणीत पॉलिथिलीन गाभ्याच्या पत्र्यावर पाच मिनिटांत ज्वाळा २० मीटरपर्यंत गेल्या. तो निकाल प्रसिद्धच केला गेला नाही. २००९ मध्ये लंडनच्याच लाकानल हाउसमध्ये सहा जण मेले. क्लास झीरो मार्गदर्शिकेत होता तिथेच राहिला.

एका इमारतीचे कागद

ग्रेनफेल टॉवर उत्तर केन्सिंग्टनमधली २४ मजली इमारत, १९७४ ची. बहुतेक रहिवासी सार्वजनिक घरांचे भाडेकरू. घरं उबदार व्हावीत, बाहेरून रूप बदलावं म्हणून तिचं नूतनीकरण ठरलं, ते २०१६ मध्ये संपलं. बाहेरून उष्णतारोधक थर, मग थोडी पोकळी, मग आवरण, अशी रचना.

वास्तुविशारद होते स्टुडिओ ई. त्यांच्या स्पेसिफिकेशनमध्ये आधी जस्ताचं आवरण लिहिलेलं होतं. पुढे खर्च कमी करायचा प्रश्न आला आणि जस्ताच्या जागी अ‍ॅल्युमिनियमचं, पॉलिथिलीन गाभ्याचं 'रेनोबॉण्ड ५५' आलं. व्यवस्थापन संस्थेला त्यातून २,९३,३६८ पौंड वाचत असल्याचं सांगितलं गेलं. नियोजन खात्याने नमुने मागवून रंग आणि दिसणं यांवर विचार केला. गाभा कशाचा, हा प्रश्न त्यांच्या कामाचाच नव्हता.

आता ज्या ओळीसाठी मी हा लेख लिहायला घेतला ती. त्याच स्पेसिफिकेशनमध्ये म्हटलं होतं की आवरणाचं काम खिडक्या आणि आवरणांसाठीच्या ब्रिटिश तंत्रकेंद्राच्या मानकाप्रमाणे व्हावं. ते मानक उघडलं तर आगीच्या प्रकरणात साधारण असं लिहिलेलं सापडतं : इमारतीचं आवरण सहज पेट घेणाऱ्या किंवा आगीत इंधनाची मोठी भर घालणाऱ्या पदार्थांचं नसावं.

पुन्हा वाचा. वर आपण सिलिंडरचा जो हिशेब केला, त्याला या ओळीत जागाच नाही. म्हणजे हे आवरण नाकारायला पुरेल अशी अट कंत्राटात, संदर्भाच्या वाटेने का होईना, होती. नियमात पळवाट होती, क्लास झीरो फसवा होता, हे सगळं खरं. तरीही या एका इमारतीपुरती योग्य अट कागदावर होती. तयार मसुद्यातून आलेली, बाकी पन्नास मानकांच्या नावांबरोबर. ज्या कामाला ती लागू होती, त्या कामाशी कुणी ती ताडून पाहिली नाही.

'ते त्यांनी बघितलं असेल'

का नाही पाहिली? इथे कंत्राटाची रचना समजून घ्यावी लागते. मुख्य कंत्राटदार रायडन. कंत्राट 'डिझाइन अँड बिल्ड' प्रकारचं, म्हणजे आराखडा आणि बांधकाम दोन्हींची जबाबदारी त्यांची. आधी मालकासाठी काम करणारे वास्तुविशारद अशा कंत्राटात पुढे कंत्राटदाराच्या हाताखाली जातात, इथेही तसंच झालं. आवरणाचं काम हार्ली फसाड्स या उपकंत्राटदाराकडे. अग्निसुरक्षेचे सल्लागार एक्झोव्हा. त्यांच्या अहवालाच्या मसुद्यात म्हटलं होतं की बाहेरून आग पसरण्याच्या बाबतीत या बदलांचा वाईट परिणाम होणार नाही, मात्र याची खात्री पुढच्या आवृत्तीत केली जाईल. पुढची आवृत्ती कधी आलीच नाही.

शिवाय हातात एक प्रमाणपत्र होतं. २००८ च्या ब्रिटिश प्रमाणपत्रात हा पत्रा क्लास झीरो मानता येईल असं लिहिलेलं. प्रत्यक्षात याच पत्र्याच्या कडा दुमडून केलेल्या 'कॅसेट' प्रकाराची आधी फ्रान्समध्ये चाचणी झाली होती आणि तिचा निकाल फार वाईट आला होता. ग्रेनफेलवर तोच कॅसेट प्रकार लागला. निर्माती कंपनी अर्कोनिकने धोक्याचं खरं स्वरूप बाजारापासून जाणूनबुजून लपवलं, असा निष्कर्ष पुढे सार्वजनिक चौकशीने काढला.

मग साखळी अशी झाली. मालकाला वाटलं, वास्तुविशारदांनी बघितलं असेल. वास्तुविशारदांना वाटलं, आवरणवाले तज्ज्ञ आहेत. आवरणवाल्यांना वाटलं, अग्निसल्लागार आहेत, पालिकेचा बांधकाम नियंत्रण विभाग आहे. मुख्य कंत्राटदाराला वाटलं, हे सगळेच आहेत. आणि पालिकेने काम पूर्ण झाल्याचा दाखला दिला.

सर मार्टिन मूर-बिक यांच्या चौकशीचा दुसरा अहवाल ४ सप्टेंबर २०२४ ला आला. हजाराहून जास्त पानं आहेत, मी सगळी वाचलेली नाहीत. पण वास्तुविशारद, मुख्य कंत्राटदार आणि आवरणाचा उपकंत्राटदार यांच्याबद्दल त्यात जे म्हटलंय ते डोक्यातून जात नाही. कंत्राटाने आपल्यावर नेमकी कोणती जबाबदारी आली, हे त्यांनी नीट समजून घेतलं नाही, किंवा समजूनही तिच्याकडे लक्ष दिलं नाही. अग्निसुरक्षा दुसऱ्या कुणाची तरी जबाबदारी आहे असं प्रत्येकाने गृहीत धरलं.

चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात फ्रिजला आग लागली. खिडकीच्या कडेने ती आवरणात शिरली आणि वीस मिनिटांच्या आत इमारतीच्या माथ्यावर पोचली. उंच इमारतीत एका घराची आग त्याच घरात राहील, या भरवशावर रहिवाशांना घरातच थांबायला सांगितलं जायचं. अनेक जण थांबले.

पुढे काय झालं

डिसेंबर २०१८ पासून इंग्लंडमध्ये १८ मीटरवरच्या नव्या निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींत ज्वलनशील सामानावर बंदी आली. सामान युरोपीय वर्गवारीत ए-१ किंवा ए-२ च्या दर्जाचं हवं. २०२२ च्या इमारत सुरक्षा कायद्याने कुणी काय तपासायचं हेही जास्त स्पष्ट केलं. एका अर्थाने साडेतीनशे वर्षांनी ते पुन्हा 'वीट किंवा दगड' छाप नियमाकडे आले, तपासता येईल अशा नियमाकडे.

मी प्रयोगशाळेत भुकटीचं प्रमाण बदलून आलेख काढते, तेव्हा मला वाटायचं की चांगला पदार्थ तयार झाला की काम झालं. पण चांगले पदार्थ ग्रेनफेलच्या वेळीही बाजारात होते. जळायला कठीण गाभ्याचा पत्राही मिळत होता. तो भिंतीवर लागायचा असेल, तर कुणीतरी कंत्राटात त्याचं नाव लिहायला हवं, आणि बदली सामान आलं की कुणीतरी 'नाही' म्हणायला हवं. त्या 'कुणीतरी'चं नावही कागदावर हवं. 'किंवा समतुल्य' हे दोन शब्द सगळ्यात धोक्याचे. समतुल्य कशात? जाडीत, रंगात, की आगीत?

आमच्या सोसायटीत एसीपी लागणार ते तळमजल्याच्या दर्शनी भागाला. ग्रेनफेलशी त्याची तुलना करणं बरोबर नाही, मी केलीही नाही. पण बाहेर पडायची वाट तिथूनच आहे. म्हणून बाबांकडून कमिटीला तीन प्रश्न पाठवले. गाभा कशाचा आणि त्यात खनिज किती, हे एस्टिमेटमध्ये लिहून द्याल का? चाचणीचा अहवाल नुसत्या पत्र्याचा आहे, की चौकटीसकट जसा लावणार तशा जोडणीचा? आणि ऐनवेळी दुसरं सामान आणलं तर मंजुरीची सही कोण करणार?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कंत्राटदार 'वरून विचारून' देणार आहे. तिसऱ्यावर कमिटीत अर्धा तास चर्चा झाली. सेक्रेटरी म्हणाले कंत्राटदार करेल, कंत्राटदार म्हणाला तुमचे आर्किटेक्ट करतील. आर्किटेक्ट नेमलेलेच नाहीत. शेवटी बाबांनी एस्टिमेटवरचं 'किंवा समतुल्य' पेनाने खोडलं आणि शेजारी सेक्रेटरींची सही घेतली.