बोंडाय ते कुजी: सिडनीची सहा किलोमीटरची समुद्रवाट सगळ्यांसाठी खुली कशी राहिली?

एका बाजूला खडकांवर आपटणारा पॅसिफिक महासागर आणि दुसऱ्या बाजूला कोट्यवधींची घरं. मधून जाणाऱ्या पायवाटेवर मात्र कुणीही चालावं. ना तिकीट, ना गेट, ना पास. सिडनीतल्या बोंडाय ते कुजी या किनारवाटेचे फोटो तुम्ही इन्स्टाग्रामवर पाहिले असतील. पण इतकी मोक्याची जागा लोकांसाठी मोकळी राहिली कशी? त्यामागे एक जुनं भांडण आहे.

ही वाट नेमकी कुठे आहे?

सिडनीच्या पूर्व उपनगरांत. उत्तरेला बोंडाय बीच (आपल्याकडे बरेचदा 'बोंडी' असं लिहितात) आणि दक्षिणेला कुजी. मध्ये टॅमारामा, ब्रॉन्टी, क्लोव्हेली आणि गॉर्डन्स बे लागतात. अंतर साधारण सहा किलोमीटर. रमतगमत गेलात तर दोन ते अडीच तास लागतात.

भांडण कशावरून झालं?

बोंडायचा किनारा एकेकाळी खासगी मालकीचा होता. १८८२ मध्ये सरकारने तो सार्वजनिक केला.

शेजारच्या टॅमारामाची गोष्ट जास्त रंजक आहे. १९०६ मध्ये विल्यम अँडरसन या नाट्यव्यावसायिकाने तिथे 'वंडरलँड सिटी' नावाचं भलंमोठं मनोरंजन उद्यान सुरू केलं. स्केटिंगची जागा, हत्ती, कड्यांच्या मधून तारेवर लटकत जाणारं 'विमान' असं सगळं होतं. पण उद्यानाभोवती त्याने उंच तारेचं कुंपण घातलं आणि समुद्राकडे जायची वाटच बंद झाली.

रोज पोहायला येणारे लोक चिडले. कुंपण ओलांडण्यावरून खटके उडू लागले. शेवटी लोकांचं शिष्टमंडळ सरकारकडे गेलं. १९०७ मध्ये सरकारने किनाऱ्यालगतची १२ फूट रुंदीची पट्टी ताब्यात घेऊन लोकांसाठी मोकळी करायचं ठरवलं. पुढे १९११ मध्ये उद्यान बंद पडलं. आज तिथे त्याची फारशी खूण नाही, वाट मात्र आहे.

वाटेत काय काय दिसतं?

सुरुवातीलाच बोंडाय आइसबर्ग्सचा तलाव लागतो. लाटा भिंतीवरून थेट तलावात येतात. १९२९ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबचं पूर्ण सभासदत्व नुसते पैसे भरून मिळत नाही. सलग पाच वर्षं हिवाळ्यात दर चारपैकी तीन रविवारी पोहावं लागतं. पाहुण्यांना मात्र शुल्क भरून पोहता येतं.

पुढे टॅमारामाच्या अलीकडे खडकात आदिवासींनी कोरलेल्या जलचरांच्या आकृत्या आहेत. ही वाट म्हणून आखली जाण्याच्या कितीतरी आधीपासून इथे माणसं राहत होती, याचा तो पुरावा. बोंडाय ते टॅमारामा या टप्प्यात १९९७ पासून 'स्कल्प्चर बाय द सी' हे शिल्पप्रदर्शन भरतं आहे. ते बघायलाही तिकीट नसतं.

ब्रॉन्टीनंतर येतं वेव्हर्ली स्मशान. १८७७ मध्ये सुरू झालेलं हे दफनस्थान समुद्राच्या अगदी कड्यावर आहे. क्रिकेटवेड्यांनी इथे थोडं थांबावं. अवघ्या ३७ व्या वर्षी, १९१५ मध्ये गेलेला महान फलंदाज व्हिक्टर ट्रम्पर इथे विसावला आहे. लेखक हेन्री लॉसन आणि १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणारी जलतरणपटू फॅनी ड्युरॅक यांच्या कबरीही इथेच आहेत.

क्लोव्हेली म्हणजे दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या कट्ट्यांनी बांधलेली चिंचोळी खाडी. पाणी तुलनेने शांत, त्यामुळे चष्मा लावून मासे बघणाऱ्यांची गर्दी असते. इथे दिसणारा मोठा निळा 'ग्रोपर' हा न्यू साउथ वेल्सचा राज्यमासा आहे. गॉर्डन्स बेमध्ये तर डायव्हर्ससाठी पाण्याखालीही एक वाट आखलेली आहे.

कुजी जवळ आलं की डॉल्फिन्स पॉइंट लागतो. २००२ च्या बाली बॉम्बस्फोटांत कुजीच्या रग्बी संघातले सहा जण मारले गेले. त्यांच्या आठवणीत या टोकाला हे नाव दिलं आणि स्मारक उभारलं. इथे हसतखेळत आलेले लोकही आवाज खाली आणतात.

मग आता वाटेला धोका नाही?

आहे, पण तो समुद्राचा. इथले कडे वालुकाश्माचे आहेत. लाटा तळ पोखरतात आणि वरचे दगड निखळतात. जून २०१६ च्या वादळात स्मशानाजवळचा भाग खचला आणि तो टप्पा बंद करून लोकांना वळसा घालायला लावावा लागला. त्यामुळे सेल्फीसाठी कठडा ओलांडणं म्हणजे जिवाशी खेळ.

जायचं असेल तर?

सिडनीच्या मध्यवर्ती भागातून ३३३ क्रमांकाची बस बोंडायला जाते. कुजीहूनही परतीच्या बस आहेत. पायऱ्या बऱ्याच आहेत, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी बोंडाय ते ब्रॉन्टी एवढाच टप्पा करावा. आपल्याकडे थंडी असते तेव्हा तिथे कडक उन्हाळा असतो, म्हणून टोपी आणि पाणी हवंच. व्हेल बघायचे असतील तर मे ते नोव्हेंबर हा काळ चांगला. आणि पोहायचा मोह झालाच तर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरा. जीवरक्षकांचं लक्ष तिथे असतं. झेंड्यांच्या बाहेर वरून शांत दिसणारं पाणीही माणसाला आत ओढून नेऊ शकतं.

टॅमारामाला पोहोचलात की क्षणभर थांबून मागे बघा. त्या पोहणाऱ्यांनी तेव्हा 'जाऊ दे' म्हटलं असतं, तर कदाचित तुम्ही आज तिथे तिकिटाच्या रांगेत असता.