लेकरांसाठी ठेवलेली वही

अ‍ॅन ब्रॅडस्ट्रीट हे नाव आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांच्या कानावरून गेले असेल. अमेरिकेतील इंग्रजी वसाहतींतून जिचे काव्य पुस्तकरूपाने छापले गेले, अशी ही पहिली कवयित्री. ती प्युरिटन होती, म्हणजे प्रॉटेस्टंटांतही कडव्या पंथाची. इंग्लंडच्या चर्चमध्ये रोमचे जे काही उरलेसुरले असेल ते धुऊन काढावे, असा त्या पंथाचा आग्रह. तिच्याविषयी आम्ही कॅथलिकांनी का लिहावे, याचे उत्तर तिच्या एका वहीत आहे.

१६३० साली 'आर्बेला' जहाजातून वडील थॉमस डडली व पती सायमन यांच्यासमवेत ती मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याला लागली, तेव्हा वय अठराच्या आसपास. तो नवा देश पाहून आपले मन बंड करून उठले, हे तिनेच नमूद केले आहे. हीच देवाची वाट अशी खात्री पटल्यावर तिने मान तुकवली. पुढे आठ लेकरे झाली, दुखणी तर पाचवीलाच पुजलेली.

स्त्रीने मर्यादेबाहेर बोलू नये, हा तेथील दंडक. १६३७ साली अ‍ॅन हचिन्सन या स्त्रीवर घरी धर्मसभा भरवल्याबद्दल खटला चालला आणि तिला हद्दपारीची शिक्षा झाली. न्याय करणाऱ्यांत आमच्या कवयित्रीचे वडील होते, पतीही होते! अशा घरात ती कविता लिहीत होती. १६५० साली तिच्या मेहुण्याने तिला न कळवता त्या लंडनमध्ये छापवल्या. ही बाई घरकाम टाकून लिहीत नाही, झोपेतून वाचवलेल्या वेळात लिहिते, अशी हमी त्याला प्रारंभीच द्यावी लागली. बाईच्या हाती सुईच शोभते म्हणणाऱ्यांना तिने एका कवितेत टोला दिला आहे, पण त्याच कवितेत पुरुषांचे श्रेष्ठत्वही मान्य केले आहे. आमच्या मते तिचे खरे धाडस तेथे नाही.

ते त्या वहीत आहे. आपल्या मृत्यूनंतर मुलांनी वाचावे म्हणून ती लिहिलेली. देव आहे तरी का, अशी शंका आपल्याला वारंवार छळत असे, असे ही आई लेकरांना सांगते. सृष्टीची रचना पाहून ती शंका निवली, की दुसरी उभी राही: पोपचाच धर्म खरा नसेल कशावरून? देव तोच, ख्रिस्त तोच, शास्त्रही तेच. अर्थ लावण्यात काय तो फरक.

१६४७ साली याच वसाहतीने कायदा केला होता की येशूसंघीय धर्मगुरू आढळल्यास हाकलावा, परत आल्यास देहदंड द्यावा. डडलींच्या मुलीने असा प्रश्न मनात आणणे आणि तो मुलांसाठी लिहून ठेवणे, ही लहान गोष्ट नव्हे.

ती कॅथलिक झाली नाही. आमच्यातील भाकड प्रथा, खोटे चमत्कार आणि भक्तांचा झालेला क्रूर छळ यांनी आपल्याला अडवले, असे ती स्पष्ट लिहिते. हे वाचताना बोचते. परंतु राणी मेरीच्या कारकिर्दीत, १५५५ ते १५५८ या काळात, सुमारे तीनशे प्रॉटेस्टंट जिवंत जाळले गेले, हे आम्हांस कसे नाकारता येईल?

१६७२ साली ती वारली. वही घराण्यातच राहिली आणि १८६७ साली प्रथम छापली गेली. तोवर बॉस्टनमध्ये कॅथलिक धर्मप्रांत स्थापन होऊन एकोणसाठ वर्षे झाली होती.